उद्यान आणि मनोरंजन खात्यातल्या लोकांची व्यावसायिक संघटना: वर्गणी भरून नेमकं मिळतं काय?

पारंबी

नमस्कार मंडळी. बागा, मैदानं, तरणतलाव, क्रीडासंकुलं असल्या खात्यांत काम करणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा.

आमच्याकडे काही जणांनी या क्षेत्रातल्या लोकांची व्यावसायिक संघटना काढायचं मनावर घेतलंय. कामगार संघटना आधीपासून आहे. पगार, रजा, बढती यांसाठी ती भांडते, आणि तिने भांडत राहावंच. ही वेगळी: प्रशिक्षण, परीक्षा, दाखले, वर्षातून एकदा अधिवेशन, जमलंच तर एखादं नियतकालिक. पण पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एक गट म्हणतो, सभासदत्व अधीक्षक आणि त्यावरच्यांनाच द्या, नाहीतर संघटनेला वजन राहणार नाही. दुसरा म्हणतो, मग तुमचा क्लब तुम्हीच चालवा, माळ्याला आणि जीवरक्षकाला त्यात काय मिळणार? मी मधल्या फळीतली. वरचे मला खालची समजतात आणि खालचे वरची.

घटनेचा मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जिथे अशा संघटना रुळल्या आहेत तिथे नक्की काय घडलं, कुणाला आत घेतलं, दाखल्यांचा उपयोग होतो का, हे अनुभवाने सांगणारं कुणी आहे का?

कात्री

उपयोग होतो की. व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे चार अक्षरं वाढतात.

अशा संस्था जवळून पाहिल्यात. व्यासपीठावर तीच डोकी, तेच हारतुरे. आत ‘हरित भविष्य’ या विषयावर बीजभाषण, बाहेर मांडवात खेळणी विकणाऱ्यांचे स्टॉल, आणि पुढच्या वर्षी ज्याने जेवणावळीचा खर्च उचलला त्याच्याच घसरगुंडीला जुळतील अशा अटी निविदेत. संघटना काढा, जरूर काढा, पण पैसा कुणाकडून येणार हे घटनेच्या पहिल्या पानावर लिहा.

जुनी_पानं

कात्री, चीड समजते. पण या प्रकाराचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

अमेरिकेतली आजची मोठी संघटना म्हणजे नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन, पुढे एनआरपीए म्हणतो. ती १९६५ साली पाच संस्था एकत्र करून झाली. त्यांतल्या दोघींची मुळं बघण्यासारखी आहेत. एक १८९८ सालची, न्यू इंग्लंडमधल्या उद्यान अधीक्षकांची. म्हणजे पारंबीताईंच्या बैठकीतला पहिला तट, जसाच्या तसा. अधीक्षकांनी भेटायचं, रोपवाटिका, रस्ते, तळी यांवर बोलायचं. तिचंच पुढे नाव बदलत बदलत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पार्क एक्झिक्युटिव्ह्ज झालं.

दुसरी १९०६ साली वॉशिंग्टनमध्ये निघाली: प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका. अध्यक्ष ल्यूथर गुलिक, पेशाने डॉक्टर आणि शारीरिक शिक्षणातले जाणकार. थिओडोर रूझवेल्ट मानद अध्यक्ष. शिकागोच्या वस्तीत काम करणाऱ्या जेन ॲडम्सही या चळवळीत. या मंडळींना गुलाबाच्या वाफ्यांशी देणंघेणं नव्हतं. दाटीच्या वस्त्यांतली मुलं रस्त्यावर खेळत होती, त्यांना जागा हवी होती आणि त्या जागेत खेळ घेणारी शिकलेली माणसं हवी होती. जागा सांभाळणारे एका घरात, खेळ घेणारे दुसऱ्या घरात, असं जवळजवळ ६ दशकं चाललं.

मग १९६५ चं लग्न. तेही सगळं गोड झालं असं नाही. प्राणिसंग्रहालयवाले पाचांपैकी एक होते, ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वतंत्र झाले. रुग्ण आणि अपंगांसाठी उपचार म्हणून मनोरंजनाचे कार्यक्रम घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी १९८४ साली आपली वेगळी संघटना उभी केली. त्यांचं म्हणणं साधारण असं की आमचं काम दवाखान्याच्या जवळचं आहे, गवत कापण्याच्या नाही. मोठी छत्री उघडली की कडेचे भिजतात आणि आपली छत्री आणायला जातात. तेव्हा ताई, कोण आत येणार यापेक्षा आत आलेल्याला बोलायला जागा कुठे मिळणार, हे आधी ठरवा.

ठोकळा

वाचत होतो, आता राहवत नाही. मी मुलांच्या खेळण्यांची तपासणी करतो, आयडीसुद्धा त्यावरूनच घेतलाय.

माझ्या पिशवीत दोन ठोकळे असतात. लहान ठोकळा बाळाच्या धडाच्या मापाचा, साडेतीन इंच बाय सव्वासहा इंचांच्या जरा आत. मोठा गोल, नऊ इंच व्यासाचा, डोक्याच्या मापाचा. जिना, कठडा, जंगलजिम, जिथे म्हणून चारी बाजूंनी बंद फट असेल तिथे आधी लहान लावायचा. तो आत गेला आणि मोठा अडला, तर ती फट नापास. कारण मूल पाय आधी घालतं, धड सरकतं, डोकं अडकतं आणि अंग खाली लोंबतं. साडेतीन इंचांच्या आतली फट चालते, नऊच्या वरची चालते, मधली चालत नाही. नुसतं बघून हे कळत नाही. वीस वर्षं बागेत काढलेला माणूसही ‘एवढ्याशा फटीत काय होतंय’ म्हणतो.

झोक्याची साखळी जिथे अडकवतात तो एसच्या आकाराचा हुक घ्या. तो पक्का दाबून बंद असावा लागतो, फट साधारण एक मिलिमीटरहून जास्त नको. का, तर जॅकेटची दोरी त्यात अडकते. झोक्याच्या पुढे आणि मागे मोकळी जागा किती, तर दांड्याच्या उंचीच्या दुप्पट, दोन्ही बाजूंना. आणि खाली काय आहे? मैदानावरच्या दुखापतींत सगळ्यात मोठा वाटा पडण्याचा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत गवत आणि माती हे संरक्षक पृष्ठभाग म्हणून धरलेलेच नाहीत. लाकडाचा चुरा किंवा वाळू टाकली तरी दबून दबून किमान पाव भाग कमी होते, म्हणून नऊ इंच हवी असेल तर बारा भरायची. झोक्याखाली मुलं पाय घासून खड्डा करतात, तिथे नऊची तीन झालेली असते आणि कडेला मात्र मस्त ढीग. मोजपट्टी नेहमी त्या खड्ड्यातच घालायची, ढिगात नाही.

आता मुद्द्यावर येतो. एका ठिकाणी (नाव नको) नवी बाग उघडायची होती. चढायचं खेळणं थेट फरशीवर बसवलेलं. आमच्यातल्या एका कनिष्ठ तपासनिसाने तक्त्यावर ‘वापरास बंद’ लिहिलं. वरून फोन आले, पाहुणे ठरलेत, मांडव पडलाय. तो एवढंच म्हणाला की या सहीखाली माझा दाखला क्रमांक आहे, मी ‘चालू’ लिहिणार नाही, तुम्ही दुसऱ्याची सही घ्या. दुसरं कुणी सही करायला तयार होईना, कारण त्या सगळ्यांनी तीच परीक्षा दिली होती आणि त्यांना ते कलम पाठ होतं. उद्घाटन पुढे गेलं. फरशी उखडली.

‘साहेब, मला धोक्याचं वाटतं’ आणि ‘साहेब, निकषात हे बसत नाही आणि सही माझी आहे’, या दोन वाक्यांतल्या फरकासाठी मी वर्गणी भरतो. पगाराने सगळ्यात लहान असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येणं, माझ्या लेखी संघटनेचं काम एवढंच. बाकी मासिक-बिसिक ठीक आहे.

शेवाळ

ठोकळा +१. प्रतिसाद साठवून ठेवतोय.

कात्री

>> पगाराने सगळ्यात लहान असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येणं

गोष्ट आवडली, खोटं कशाला बोलू. पण दोन शंका. तुम्ही सांगितलेली पुस्तिका फुकट मिळते, मापं तिच्यातच आहेत, मग मध्ये संघटना कशाला? आणि दुसरं, त्या दिवशी सही करणारा मिळाला नाही हे नशीब. नुसते तास भरून दाखला मिळवलेला एखादा शेजारी असता तर?

ठोकळा

पुस्तिका फुकट आहे, पण ती वाचलीय हे सिद्ध कोण करणार? खात्याने स्वतःच स्वतःच्या माणसाला पास केलं तर त्याला काय अर्थ? परीक्षा घेणारा खात्याच्या बाहेरचा हवा.

तास भरण्याबद्दल तुमच्याशी सहमत. एनआरपीएचेच दोन दाखले शेजारी ठेवा. क्षेत्रातल्या सर्वसाधारण व्यावसायिकाचा जो दाखला आहे, सीपीआरपी, तो दर दोन वर्षांनी २० तासांचं प्रशिक्षण दाखवून पुढे चालू ठेवता येतो. खेळण्यांच्या सुरक्षा तपासनिसाचा, सीपीएसआय, तीन वर्षांनी संपतो आणि पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. अधिवेशनात मागच्या रांगेत डुलक्या काढून तो वाढत नाही. जिथे चुकीने जीव जाऊ शकतो तिथे परीक्षा पुन्हा, बाकीच्या ठिकाणी तास चालतील. पारंबीताई, मसुद्यात हा भेद करा.

फांदीवरचा

झाडांवर चढून छाटणी करणं हे माझं काम. ‘दर्जा राहणार नाही’ म्हणणाऱ्यांना माझ्या वतीने एक सांगा.

आमच्याकडे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर आहे, १९२४ पासूनची. तिचा सर्टिफाइड आर्बोरिस्टचा दाखला आहेच, पण झाडावर चढणाऱ्या कामगारासाठी वेगळा दाखलाही आहे. त्यात लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्षाची परीक्षा असते: दोर बांध, चढ, फांदीवर चाल, वर अडकलेल्याला खाली आण. पदवीधर साहेब त्यात नापास होऊ शकतो आणि होतो. हाताच्या कामाचा दर्जा मोजता येतो, मोजायची इच्छा पाहिजे.

आणि माहिती खालपर्यंत पोचण्याबद्दल. पूर्वी फांदी खोडाला अगदी लागून सपाट कापायची आणि वरून काळा रंग फासायचा, अशी पद्धत होती. दिसायला स्वच्छ काम. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आत सड कशी पसरते ते बघितलं आणि १९७० च्या दशकात मांडलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, तर सडलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडतं. फांदीच्या बुडाशी जो फुगीर गळपट्टा असतो तो शाबूत ठेवून त्याच्या बाहेर काप घ्यायचा, रंग लावायचा नाही. सपाट कापलं की तो गळपट्टाच जातो, म्हणजे भिंत बांधणारा गवंडीच आपण हाकलून देतो. हे शास्त्रज्ञांना कधीच कळलं होतं. करवत हातात असलेल्याला कळायला संघटनेच्या कार्यशाळा लागल्या, आणि अजून सगळ्यांना कळलेलं नाही. रस्त्याने जाताना खोडांवर काळे गोल दिसले की समजावं. अधीक्षकांचीच संघटना असती तर ते ज्ञान अधीक्षकांच्या फाइलीतच वाळलं असतं.

निळाई

तरणतलाववाल्यांना कुणी विचारतच नाही, म्हणून हात वर करते. आमच्यातले निम्मेअधिक हंगामी असतात. हंगाम संपला की माणूस गेला, पुढच्या वर्षी नवा. पंपघरात कोण असतं? ज्याला काल दाखवलं तो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा हे भिंतीवर लिहिलेलं असतं, पण क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं समजून ते कमी करणारे मी पाहिलेत. तो वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा, म्हणजे घाम-लघवीशी लढून थकलेल्या क्लोरीनचा; तिथे उलट उपाय लागतो. तळाच्या निचरा-जाळीचं तर बोलूच नका. जाळी तुटलेली असेल तर ओढीने मूल तिथे चिकटतं, अमेरिकेत २००७ साली खास त्यासाठी केंद्रीय कायदा करावा लागला.

तेव्हा मसुद्यात हंगामी सभासदत्व घाला, वर्गणी नाममात्र. आणि मतदानाचा हक्क द्या हो. नुसतं ‘सहयोगी’ म्हणून बाहेरच्या खुर्चीत बसवू नका.

सांजवारा

ब्रिटनचं उदाहरण कुणी दिलं नाही, ते देतो. तिथे उद्यान प्रशासकांची संस्था १९२६ पासून होती. १९८३ मध्ये ती आणि तिच्यासारख्या इतर संस्था मिळून फुरसत आणि सुविधा व्यवस्थापनाची एक मोठी संस्था झाली. त्यानंतर पाचच वर्षांत, १९८८ च्या स्थानिक शासन कायद्याने, बागांची देखभाल सक्तीने स्पर्धात्मक निविदांवर टाकली. कंत्राटात काय लिहिता येतं? गवत किती वेळा कापायचं, वाफा किती चौरस मीटर. बागेत दिवसभर असणारा, पोरांना नावाने ओळखणारा राखणदार कंत्राटात कुठल्या रकान्यात लिहिणार? तो गेला. शिकाऊ उमेदवारी घेऊन तयार होणारे माळी आटले. १९९९ मध्ये संसदेच्या समितीने बागांच्या दुरवस्थेवर अहवाल दिला तोवर बरंच नुकसान झालं होतं.

माझं मत कडू वाटेल. मोठी संस्था झाली तेव्हा माणसं ‘व्यवस्थापक’ झाली आणि बागकाम हा त्यांच्या अनेक विषयांतला एक झाला. निविदा आल्या तेव्हा ‘हे कौशल्य आहे, ते चौरस मीटरवर विकू नका’ असं ठणकावून सांगणारा एकमुखी आवाज उरला नव्हता. पुढे बागांसाठी झटणारी ग्रीनस्पेस नावाची धर्मादाय संस्था चांगलं काम करत होती, तीही निधी आटल्यावर २०१३ मध्ये बंद पडली. कात्रींचा पैशांचा मुद्दा इथे लागू आहे. स्टॉलवाल्यांच्या पैशांवर चालणारी संघटना मिंधी होते आणि अनुदानावर चालणारी पोरकी. वर्गणीवर चालणारी गरीब राहते, पण राहते.

चांगलं काही सांगायचं तर ग्रीन फ्लॅग, नीट सांभाळलेल्या बागांना मिळणारा पुरस्कार. १९९६ मध्ये सुरू झाला, १९९७ मध्ये पहिले झेंडे लागले. दर वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षण. परीक्षक बहुतेक याच क्षेत्रातले, स्वेच्छेने येणारे. दुसऱ्याची बाग तपासायला गेलेला माणूस आपल्या बागेत परतल्यावर कसा बघायला लागतो, ते पाहण्यासारखं असतं.

रिंगण

अख्खा धागा वाचला. झाडं, झोके, पाणी, निविदा. ‘मनोरंजन’ हा शब्द शीर्षकात आहे याची आठवण करून देऊ का?

मी कार्यक्रम घेते. सकाळी ज्येष्ठांचा व्यायाम, दुपारी शाळेनंतरची मुलं, संध्याकाळी व्हीलचेअरवरचा गट. आमचं काम मोजायला ठोकळा नाही. बाग देखणी असते आणि आत कुणीच नसतं, हे नापास कोण करणार? जुनी_पानंनी सांगितलंच, १९०६ वाल्यांना नेमकं हेच दिसलं होतं. पण संघटना एकत्र झाल्या की चर्चा नेहमी मालमत्तेकडे वळते, कारण मालमत्ता मोजता येते. एनआरपीएच्याच १९८३ च्या मार्गदर्शक पुस्तकात दर हजार लोकांमागे सव्वासहा ते साडेदहा एकर विकसित मोकळी जागा असा आकडा होता आणि गावोगावी तो पोथीसारखा वापरला गेला. १९९६ च्या आवृत्तीत सगळ्यांना एकच माप ही कल्पना सोडून प्रत्येक ठिकाणची गरज बघायला सांगितलं. तरी आजही सभेत कुणीतरी ते एकर काढतंच.

कार्यकारिणीत कार्यक्रम घेणाऱ्यांना राखीव जागा ठेवा. नाहीतर १९८४ ची आवृत्ती तुमच्याकडेही निघेल, आणि आधी निघणारी मीच असेन.

जुनी_पानं

रिंगण, अगदी. रच्याकने, जागतिक पातळीवरही हा घोळ आहे. उद्यान प्रशासनाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५७ साली लंडनमध्ये झाला, त्याच्या नावात ‘रिक्रिएशन’ होतं. २०१५ मध्ये त्याचं वर्ल्ड अर्बन पार्क्समध्ये रूपांतर झालं, नावात उरली शहरी बाग.

पारंबी

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मसुदा असा वळवतेय, खोड्या काढा.

सभासदत्व कामावरून, पदावरून नाही: जो या जागांमध्ये काम करतो तो सभासद, हंगामी आणि कंत्राटीसुद्धा, मत प्रत्येकाला एक. जागा सांभाळणारे, पाणीवाले, झाडवाले, कार्यक्रम घेणारे असे चार विभाग, प्रत्येकाचा कार्यकारिणीत एक माणूस नक्की. खेळणी, पाणी आणि उंचीवरचं काम यांचे दाखले मुदतीचे, पुन्हा परीक्षा देऊनच वाढणार. उरलेल्यांना तास चालतील. विक्रेत्यांचा पैसा अधिवेशनाला घ्यायचा की नाही यावर मात्र माझंच ठरत नाहीये. न घेतल्यास अधिवेशनाची वर्गणी वाढते आणि मग माळी येतच नाही, फक्त ज्यांचं खातं पैसे भरतं तेच येतात. म्हणजे पुन्हा क्लबच.

कात्री

घ्या, पण स्टॉलचं भाडं म्हणून, सगळ्यांना एकच दर, आणि हिशोब सभासदांपुढे. जेवण-पिशव्या-बक्षिसं पुरस्कृत नकोत. आणि ज्याच्या हातात खरेदी आहे त्याला परीक्षा समितीवर घेऊ नका. बाकी मसुदा वाईट नाही. (माझ्याकडून हे कौतुक समजा.)

फांदीवरचा

एक राहिलं. लेखी परीक्षेत आमच्यातले उत्तम लोक गळतात. काम येतं, कागद येत नाही. तोंडी आणि प्रत्यक्ष असा पर्याय ठेवा, परीक्षक दोन, त्यांतला एक तेच काम हाताने करणारा.

पारंबी

घातलं. ठोकळा, तुमच्या तपासणी तक्त्याचे रकाने कसे आहेत? ते आम्ही पहिल्याच कार्यशाळेत वापरू म्हणते.

ठोकळा

देतो. जागा, खेळणं, काय आढळलं, माप, धोक्याची पायरी, काय केलं, तारीख. हे सगळीकडे असतं. त्यात दोन रकाने आम्ही भांडून वाढवून घेतले: ‘कुणी बंद केलं’ आणि ‘कुणी पुन्हा उघडलं’. दोन्हीत नाव, सही, दाखला क्रमांक. दुसरा रकाना आल्यापासून वरून येणारे फोन बरेच कमी झालेत. कोरा तक्ता संध्याकाळी इथेच डकवतो.